सिक रिपोर्टपासून आरोग्य धोरणापर्यंत

मुलगी नीटची तयारी करते आहे. तिला एएफएमसीत (पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात) जायचंय आणि पुढे आरोग्य धोरणात काम करायचंय. मग फौजेतली वर्षं वाया जाणार नाहीत का? (एक आई, लातूर)

ताई, मुळीच नाही. सेवेची वर्षं बंधनकारक असतात, तेवढी अट मात्र दोघींनी आधी शांतपणे वाचा. पलटणीचा डॉक्टर सकाळी सिक रिपोर्ट, म्हणजे आजारी जवान, बघतो आणि मग लंगर तपासतो, आचाऱ्यांची नखं बघतो, पाण्यातलं क्लोरीन मोजतो. पहिल्याच पोस्टिंगला मी हगवणीच्या जवानांना सलाईन लावत बसलो होतो. सुभेदार साहेबांनी हळूच विचारलं, "साब, टंकी देखी?" मी बघितली नव्हती. धोरणाचा पहिला धडा मला त्यांनी दिला.

या वाटेनं खरंच कुणी गेलंय का? (परभणी)

मेजर जनरल साहिब सिंग सोखे. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर, मुंबईच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक. काँग्रेसनं 1938 साली राष्ट्रीय नियोजन समिती नेमली, तिची आरोग्य उपसमिती त्यांच्याकडे होती. दर 1000 लोकांमागे एक प्रशिक्षित आरोग्यसेवक, ही तिची शिफारस. 2005 मध्ये आशाताई आल्या त्या याच प्रमाणात. तुमच्या गल्लीतल्या आशाताईंना हे जरूर सांगा.

एमबीबीएस झालंय. आता फौजेत जाता येईल? (जालना)

हो, शॉर्ट सर्व्हिस कमिशनमधून. वयाची अट जाहिरातीत बघा.

मी बीड जिल्ह्यात पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) डॉक्टर आहे, फौजेचा अनुभव नाही. धोरणात कसा येऊ?

दोन वर्षांचं एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, करा. त्रिवेंद्रमची श्री चित्रा संस्था आणि चंडीगडचं पीजीआय, दोन्ही चांगली. पण डॉक्टर, तुमची टाकी तुमच्यासमोरच आहे. पीएचसी 30,000 लोकसंख्येमागे मंजूर होते, आणि दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की त्यातले किती गावात उरतात? पाचव्या महिन्यातली बाई कोयता घेऊन कारखान्यावर जाते. पुढच्या तपासण्या, बाळाची लस कुणाच्या रजिस्टरात येणार? इथल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला, सरकारला समिती नेमावी लागली. त्या बायांनी किती वर्षं अंगावर काढलं असेल, याचा विचार केला की आजही झोप उडते.

यंदा टोळ्या निघण्याआधी आशाताईंना सोबत घ्या. किती गरोदर बाया जाणार, कितवा महिना, कोणता कारखाना, हे एका कागदावर लिहा. एक प्रत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना द्या, दुसरी त्या कारखान्याजवळच्या पीएचसीला पाठवा.