सही करण्याआधी

पत्र थोडक्यात असं: 'आम्ही मूळचे वसईचे, बरीच वर्षं न्यू जर्सीत आहोत. ह्यांना आमच्या कॅथलिक चर्चमध्ये डीकन, म्हणजे धर्मगुरूच्या खालोखालचा दीक्षित सेवक, व्हायचंय. प्रशिक्षण पाचेक वर्षांचं, त्यात शनिवार जाणार आणि मीही सोबत यावं अशी अपेक्षा. आता माझी लेखी संमती मागितली आहे. सासूबाई फोनवर म्हणतात, देवाच्या कामाला नाही म्हणू नये. मुलगी नऊ वर्षांची, माझी हॉस्पिटलमधली नोकरी पाळ्यांची. त्यात कळलं की दीक्षेनंतर मी आधी गेले, तर ह्यांना दुसरं लग्न करता येणार नाही. मला नकार द्यायचा नाही, पण सही करताना हात थांबतो. मी स्वार्थी आहे का?'

प्रिय ताई,

अजिबात नाही. चर्चने तुम्हाला प्रश्न विचारला आहे आणि तुम्ही त्याचं खरं उत्तर शोधताय. हा प्रश्न विचारणं त्यांना बंधनकारकही आहे. १९६७ साली पोप पॉल सहावे यांनी विवाहित पुरुषांना कायमचे डीकन होण्याची वाट खुली केली, तेव्हाच बायकोच्या संमतीची अट घातली. आजच्या चर्च-कायद्यातही कलम १०३१ मध्ये ती आहे: विवाहित उमेदवाराचं वय किमान ३५ आणि बायकोची संमती. तेव्हा सासूबाईंना वाटतं तसं तुम्ही देवाच्या कामात आडव्या येत नाही आहात. उलट बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये', सहावा अध्याय काढून बघा. डीकनपदाची सुरुवात ज्यांच्यापासून मानतात, ते सात सेवक का निवडले गेले? रोजच्या वाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय, अशी तक्रार झाली म्हणून. दुर्लक्षित बायकांची बाजू ऐकण्यातूनच जी सेवा सुरू झाली, तिच्यासाठी घरातल्या बाईला गप्प बसवणं मला पटत नाही.

आता घरावर काय येणार ते बघा. डीकन बाप्तिस्मा देतो, लग्नं लावतो, अंत्यविधी करतो, प्रवचन देतो. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, अर्पण करणं आणि पापनिवेदन ऐकणं मात्र धर्मगुरूचंच काम. बहुतेक डीकन आपली नोकरी सांभाळून, बिनपगारी हे करतात. म्हणजे हा सगळा वेळ संध्याकाळचा आणि सुट्टीचा, तुमच्या घरातला. नाताळच्या रात्री ते वेदीपाशी असतील आणि तुम्ही मुलीला घेऊन बाकावर. हे वर्षानुवर्षं चालेल का, याचा विचार आत्ताच करा.

वर्गांना बायकोने यायचं की नाही, याचे नियम धर्मप्रांतागणिक वेगळे आहेत. कुठे सक्ती, कुठे नुसतं आमंत्रण. तुमच्याकडे काय आहे ते प्रशिक्षणाच्या संचालकांना स्वतः विचारा, नवऱ्यामार्फत नको. पाळ्यांची अडचण स्पष्ट सांगा. माझं मत विचाराल तर विवाह आणि कुटुंब यांवरची सत्रं आणि रिट्रीट (प्रार्थना-शिबिरं) चुकवू नका. बाकी जमेल तेवढं. बायबलचा अभ्यास आवडला तर तो स्वतःसाठी करा. उमेदवार ते आहेत, तुम्ही नाही. दीक्षा झाल्यावर वेदीची देखभाल करणाऱ्या आल्तार सोसायटीपासून पॅरिशच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, जेवणापर्यंत सगळं 'डीकनची बायको' म्हणून तुमच्या गळ्यात पडावं, असं कुठल्याही नियमात नाही.

दुसऱ्या लग्नाची गोष्ट मात्र नुसती मनात ठेवू नका. तुम्हाला कळलंय ते खरं आहे. दीक्षित पुरुषाला लग्न करता येत नाही आणि पत्नी गेल्यावरही ते बंधन राहतं. रोमकडे सूट मागता येते, पण ती मिळेल असं धरून चालू नये. तुम्ही दोघं परदेशात, जवळ नातलग नाहीत, मुलगी लहान. उद्या मी नसले तर हिला कोण बघेल, हे मनात येणं म्हणजे अविश्वास नव्हे, आईपण आहे. एका संध्याकाळी मुलगी झोपल्यावर हाच प्रश्न ह्यांच्यापुढे ठेवा आणि त्यांना बोलू द्या. 'तसं काही होणार नाही' हे उत्तर घेऊ नका. ज्याला उद्या दुसऱ्यांच्या घरी अंत्यविधीला उभं राहायचंय, त्याला आपल्या घरातल्या मरणाबद्दल बोलता आलं पाहिजे. मुलीची जबाबदारी कोणाकडे, मृत्युपत्र केलंय का, हेही त्याच बैठकीत ठरवा.

पॅरिशमध्ये कोणा डीकनची पत्नी असेल तर तिला चहाला बोलवा. पहिल्या दोन वर्षांत घरातलं काय सुटलं, एवढंच विचारा.

मग संचालकांना एकटीने भेटा आणि मनातलं जसंच्या तसं सांगा. आत्ताचा होकार शेवटचा नसतो, दीक्षेआधी तुमची संमती पुन्हा घेतात. मधल्या काळात मन बदललं तर तसं सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणखी एक वर्ष थांबा म्हणालात तरी ते उत्तरच आहे. मुलगी दहाची झालेली असेल आणि ह्यांची ओढ खरी असेल तर टिकेल.

आणि सासूबाईंना हे सगळं समजावायचं काम ह्यांचं. फोन त्यांनी लावावा.