डी-मार्ट येत आहे म्हणून किराणा दुकानाने सवलतींच्या स्कीम काढाव्यात का?

आपल्या प्रश्नाचा सारांश असा की, तालुक्याच्या गावी वडिलांपासून चालत आलेले किराणा दुकान आहे, बायपासवर सहा महिन्यांत डी-मार्ट सुरू होणार आहे आणि त्याआधीच सरसकट पाच टक्के सवलत जाहीर करून गिऱ्हाईक बांधून ठेवावे, असा घरात विचार चालू आहे. मी वीसहून अधिक वर्षे ग्राहकोपयोगी मालाचा वितरक होतो आणि अशी दुकाने मोठ्या मार्टशेजारी टिकताना व बुडताना पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाच टक्क्यांची स्कीम काढू नका. कारण आकड्यांत पाहू. समजा, एखाद्या वस्तूची एमआरपी १०० रुपये आहे आणि वितरकाकडून ती तुम्हाला ९० रुपयांना पडते. वितरक ती कंपनीकडून ८५-८६ रुपयांना उचलतो. मोठी साखळी मधला वितरक टाळून थेट कंपनीकडून घेते, शिवाय प्रमाण आणि रोख पैसा यांच्या जोरावर आणखी रुपया-दोन रुपये सुटतात, म्हणजे तिची खरेदी ८४ च्या आसपास जाते. ती वस्तू तेथे ९१ रुपयांना विकली तरी सात रुपये उरतात. तुमची खरेदीच ९० ची आहे. पाच टक्के सवलतीनंतरही तुमचा दर ९५ राहतो, म्हणजे निम्मा नफा घालवूनही गिऱ्हाइकाच्या नजरेत तुम्ही चार रुपयांनी महागच ठरता.

डी-मार्टचा स्वस्त दर हा परिणाम आहे. धोरण त्यामागे आहे, आणि ते जाहिरातीत दिसत नाही. डी-मार्टचे संस्थापक राधाकिशन दमाणी यांनी या धंद्याचा अनुभव आधी नेरूळमध्ये ‘अपना बाजार’ची फ्रँचायझी चालवून घेतला आणि २००२ मध्ये पवईत पहिले डी-मार्ट काढले. बहुतेक दुकानांची जागा स्वतःची किंवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर घ्यायची, म्हणजे दर काही वर्षांनी भाडेवाढीचा फास बसत नाही. आणि पुरवठादाराचे पैसे बाजारात रूढ असलेल्या तीन-चार आठवड्यांऐवजी आठ-दहा दिवसांत द्यायचे, म्हणजे तो दर कमी करतो आणि तुटवड्याच्या काळात माल आधी डी-मार्टलाच देतो. जागा घेण्यात भांडवल अडकत असल्यामुळे विस्तार सावकाश झाला. २०१७ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, तेव्हा पंधरा वर्षांनंतरही दुकाने दीडशेच्या आतच होती. मार्च २०२४ मध्ये ती ३६५ झाली.

स्वस्त दराचाच वायदा देत १९९७ मध्ये चेन्नईत सुरू झालेल्या ‘सुभिक्षा’ने भाड्याच्या छोट्या जागांत, बरेचसे कर्ज काढून, देशभर सुमारे १,६०० दुकाने उघडली. रोख संपली तशी फळ्यांवरचा माल संपला आणि २००९ च्या सुरुवातीला सगळा डोलारा बसला. दर दोघांचेही कमीच होते.

कधी डी-मार्टच्या बिलाच्या रांगेत उभे राहून पुढच्या ट्रॉल्या नीट पाहा. तळाशी साखर, तेल, डाळी, धुण्याची पावडर. आणि वर, घरून निघताना ठरवलेही नव्हते असे प्लास्टिकचे डबे, मुलाची चड्डी, पायपुसणे. वाणसामानावर नफा थोडा, या वरच्या थरावर बराच अधिक. सगळे मिळून ढोबळ नफा विक्रीच्या १५ टक्क्यांच्या आसपास आणि निव्वळ नफा साधारण पाच टक्के राहतो. तुमच्या दुकानात गिऱ्हाईक कट्ट्याच्या अलीकडे उभे राहून चिठ्ठी वाचते, त्यामुळे तो वरचा थर तुम्हाला मिळतच नाही. म्हणून त्यांच्या साखरेच्या दराशी बरोबरी करणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

माझ्याकडून माल घेणाऱ्या एका दुकानदाराने असा धसका घेऊन कर्ज काढले, एसी आणि रॅक बसवले, बारकोडचे मशीन आणले, ‘आता मार्टसारखे’ म्हणून उधारी बंद केली आणि दर शनिवारी स्कीम सुरू केली. दोन वर्षांच्या आत दुकान बंद झाले. मार्टसारखे दिसणारे पण मार्टपेक्षा महाग असे दुकान कोणालाच नको होते, आणि उधारीवर चालणारी जुनी घरे पहिल्याच महिन्यात दुसरीकडे गेली.

गिऱ्हाइकाची खरेदी दोन प्रकारची असते: पगार झाल्यावरचे महिन्याचे सामान आणि मधल्या दिवसांतली नड. पहिल्यातला मोठा भाग जाईल, हे धरूनच चला. दुसरी तुमची आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द डी-मार्टच्या व्यवस्थापनाने मोठ्या महानगरांतील दुकानांवर ऑनलाइन किराण्याचा परिणाम स्पष्ट दिसत असल्याचे म्हटले होते. दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्यांनी तेथे जे विकले, ते जवळ असणे. आणि तुम्ही तर आधीच गल्लीच्या तोंडाशी आहात. फोनवर यादी घेऊन तासाभरात पोऱ्याकरवी सामान पोहोचवा, आणि हे नियमाने करा.

दरांबाबत एक गोष्ट मात्र जरूर करा. गिऱ्हाइकाच्या डोक्यात फार तर दहा-पंधरा वस्तूंचेच दर पक्के असतात: साखर, तेलाची पिशवी, चहा पावडर, तूरडाळ, शेंगदाणे, कपड्यांचा साबण. तेवढ्यांवर नफा जवळजवळ सोडून द्या आणि दर फळीवर मोठ्या अक्षरात लिहा. बाकीचे दर हलवू नका. सुटा माल वाढवा. आसपासच्या शेतकऱ्याची ज्वारी, इंद्रायणी तांदूळ, बचत गटाचे पापड-सांडगे आणि घाटी मसाला यांना एमआरपीचा शिक्का नसतो, त्यामुळे तुलनाही होत नाही आणि नफा दुपटीने राहतो.

खरेदीत डी-मार्टची एकच गोष्ट उचलता येण्याजोगी आहे: लवकर पैसे देणे. वितरक तुम्हाला २१ दिवसांची उधारी देत असेल, तर माल उतरताच पैसे देण्याच्या बदल्यात दीड टक्का मागा. वर्षात असे सुमारे १७ फेरे होतात, म्हणजे त्या पैशावर सव्वीस टक्क्यांच्या घरात परतावा पडतो. बँकेचे कॅश क्रेडिट (धंद्यासाठी लागेल तसे उचलायचे कर्ज) ११-१२ टक्क्यांनी मिळत असेल तर ते वापरूनही फायदा आहे. मी स्वतः वितरक असताना रोखीच्या दुकानदाराला हे नाकारल्याचे आठवत नाही. वसुलीच्या चकरा वाचत, तेवढ्यावरच मी खूश असे. अट इतकीच की, स्कीमच्या मोहाने सेल्समनने गळ्यात मारलेला न खपणारा माल आधी थांबवावा लागेल, कारण तुमची रोख तिथेच अडकलेली असते.

उधारी बंद करू नका. तिला मर्यादा घाला. एका पगाराची उधारी पुढच्या पगारापलीकडे जाऊ द्यायची नाही, एवढा एकच नियम आजपासून पाळला तर डी-मार्ट उघडेपर्यंत वही हलकी होईल.

गेल्या तीन महिन्यांत सर्वाधिक खपलेल्या शंभर वस्तूंची यादी, त्यांची खरेदी किंमत आणि आज गोदामात पडून असलेला माल, एवढे येथे टाकलेत, तर कोणत्या वस्तूंचे दर उतरवायचे आणि कोणता माल परत पाठवायचा, हे नावानिशी सांगता येईल.