अमेरिकेतला नामांकित जॅझ पियानोवादक मुंबईत राहून वाजवत होता, हे खरं आहे का? असल्यास तो कोण?

हो, खरं आहे. त्याचं नाव टेडी वेदरफर्ड. भारतात येऊन गेलेल्या पाश्चात्य वादकांमध्ये मला सर्वांत जास्त जिव्हाळा याच माणसाबद्दल वाटतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

टेडीचा जन्म 1903 चा, व्हर्जिनियातल्या पोकाहॉन्टस या कोळसा खाणींच्या गावातला. पियानो तो न्यू ऑर्लिन्समध्ये शिकला आणि मग शिकागोला गेला. तिथे अर्स्किन टेट यांच्या व्हेन्डोम थिएटरमधल्या वाद्यवृंदात तो पियानोवर होता आणि ट्रम्पेटवर होता लुई आर्मस्ट्राँग. मे 1926 मध्ये या वाद्यवृंदाच्या दोन चिजा रेकॉर्ड झाल्या. त्यातली 'स्टॉम्प ऑफ, लेट्स गो' जरूर ऐका. आर्मस्ट्राँग ऐन भरात असतानाही पियानो मागे पडत नाही. टेडीचा डावा हात नीट ऐका: खर्जातला एक स्वर, लगेच मधल्या सप्तकातली स्वरसंगती, पुन्हा खर्ज, आणि हे सगळं अफाट वेगात. तबल्याचा ठेका आणि पेटीचा लेहरा ही दोन्ही कामं तो एकच हात करतो. त्यामुळे उजवा हात हवा तिकडे धावायला मोकळा राहतो.

त्याच वर्षी जॅक कार्टरच्या बँडबरोबर तो आशियात आला आणि इकडचाच झाला. शांघाय, मनिला, सिंगापूर इथे त्याची वर्षं गेली. अमेरिकेत तो परतला तो बहुधा वादक गोळा करण्यापुरताच. 1934 मध्ये शांघायच्या कॅनिड्रोम या नृत्यगृहासाठी त्याने ट्रम्पेटवादक बक क्लेटनचा बँड नेला. हाच क्लेटन पुढे काउंट बेसीच्या बँडमध्ये गाजला.

मुंबईत टेडी ताजमहाल हॉटेलात वाजवायचा. ताजमध्ये कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचा पायंडा 1935 मध्ये व्हायोलिनवादक लिऑन ॲबी याच्या बँडने पाडला होता. ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथच्या बँडचं नेतृत्वही पुढे टेडीकडे आलं. 1937 मध्ये त्याने पॅरिसला जाऊन एकट्याने पियानो रेकॉर्ड केला. त्यातला 'वेदर बीटन ब्लूज' मला फार आवडतो. एरवी वाऱ्यासारखा वाजवणारा हा माणूस इथे सावकाश, प्रत्येक स्वराला वेळ देत वाजवतो.

महायुद्धाच्या काळात तो कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात होता. शहर अमेरिकी सैनिकांनी भरलेलं होतं, त्यांच्यासाठी रेडिओवरही त्याचे कार्यक्रम होत. कलकत्त्यात कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीसाठी त्याने रेकॉर्डही केल्या. त्याच्या या बँडमध्ये ब्रह्मदेशातून आलेले क्लॅरिनेटवादक रूबेन सॉलोमन आणि गिटारवादक सेड्रिक वेस्ट होते. 25 एप्रिल 1945 रोजी कॉलऱ्याने तो गेला, तेव्हा वय होतं अवघं 41.

जॅझच्या इतिहासात त्याला जेमतेम चार ओळी मिळतात, आणि हा मला उघड अन्याय वाटतो. तिशीच्या दशकात अमेरिकेत जॅझ झपाट्याने बदलत होता, नावं मोठी होत होती, नेमका त्या काळात हा माणूस तिथे नव्हता, एवढंच त्याचं कारण. आपण मुंबईकरांनी तरी त्याला असं बाजूला टाकू नये. टेडी आणि त्याच्यासारखे वादक इथे राहिले म्हणून मुंबईतल्या गोवेकर वादकांना हे संगीत रेकॉर्डवरून नाही, समोर बसून ऐकता आलं. चर्चच्या शाळेत नोटेशन वाचायला शिकलेली ही मंडळी, पण स्विंग, म्हणजे जॅझची ती डुलती लय, केवळ कागदावरून येत नाही, तो कानातच मुरावा लागतो. पुढे याच वादकांनी हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद उभे केले. सी. रामचंद्र, म्हणजे आपले पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, यांच्याबरोबर ट्रम्पेटवादक चिक चॉकलेटने काम केलं. 'अलबेला'मध्ये तो आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो.

ऐकायला सुरुवात करायची असेल, तर आधी 1926 ची शिकागोची रेकॉर्ड लावा, मग पॅरिसच्या आणि शेवटी कलकत्त्याच्या. कलकत्त्याच्या रेकॉर्डमध्ये तो बँड सांभाळत असतो, त्यामुळे पियानो कमी सापडतो. पण जिथे सापडतो तिथे डावा हात तोच आहे.