मिल्क-अल्कली सिंड्रोम बरा होतो का? किडनी पूर्ववत होते का?

बहुतेकदा होतो, पण लवकर लक्षात आला तर. कॅल्शियम कार्बोनेटच्या गोळ्या (हाडांसाठी किंवा ॲसिडिटीसाठी), बरेचदा जोडीला व्हिटॅमिन डी, असं प्रमाणाबाहेर घेतलं की रक्तात कॅल्शियम वाढतं, रक्त अल्कधर्मी होतं आणि किडनीवर ताण येतो; यालाच मिल्क-अल्कली सिंड्रोम म्हणतात. हे एक दुष्टचक्रच आहे: वाढलेल्या कॅल्शियममुळे लघवी जास्त होते, शरीरातलं पाणी कमी होतं, आणि मग किडनी कॅल्शियम बाहेर टाकायलाच कमी पडते.

गोळ्या थांबवून सलाईन दिलं की कॅल्शियम साधारण काही दिवसांत उतरतं. मळमळ, बद्धकोष्ठता, गोंधळल्यासारखं वाटणं हेही त्याबरोबर ओसरतं. क्रिएटिनिन (किडनी किती काम करते हे दाखवणारा रक्तातला घटक) मात्र सावकाश खाली येतं, त्याला कधी कधी काही आठवडे लागतात, तेव्हा पहिल्या रिपोर्टवरून घाबरू नका. उपचारानंतर कॅल्शियम काही काळ गरजेपेक्षा खालीही जाऊ शकतं, कारण दबलेलं पॅराथायरॉइड हार्मोन (रक्तातलं कॅल्शियम वाढवणारं) लगेच जागं होत नाही. म्हणून डिस्चार्जनंतरच्या रक्ततपासण्या चुकवू नयेत.

खरी चिंता महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं चाललेल्या प्रकाराची. त्यात किडनीत कॅल्शियम साचून बसतं आणि गोळ्या बंद केल्या तरी नुकसान पूर्ण भरून येत नाही. १९४९ मध्ये डॉक्टर बर्नेट यांनी नोंदवलेला तो हाच प्रकार.

थायझाइड गटाची बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, तिच्यामुळे कॅल्शियम लघवीवाटे कमी बाहेर पडतं. कॅल्शियम पुन्हा सुरू करायचं का, किती, हे त्यांनाच ठरवू द्या.