घरच्या बिअरचं परमिट कुठे मिळेल? तो अर्ज आधी बाजूला ठेवा

कोथरूडहून एका वाचकाचा मेल आलाय. नाव अर्थातच देत नाही, दोनचार तपशीलही बदललेत. मामला थोडक्यात असा. हे आयटीत आहेत, मिनेसोटाला चुलतभावाकडे महिनाभर राहून आले, तो तिकडे गॅरेजमध्ये बिअर बनवतो ते बघून यांनाही नाद लागला. इथे आल्यावर वीस लिटरची झाकणाची बादली, एअरलॉक (आतला गॅस बाहेर सोडणारं बूच), हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजायची नळी), माल्ट एक्स्ट्रॅक्टचे डबे, हॉप्स, यीस्ट सगळं ऑनलाइन मिळालं, कोणी काही विचारलं नाही, म्हणून यांना वाटलं की चालतंय. ड्राय बाल्कनीतल्या बादलीचा वास खालच्या मजल्यावर गेला आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी लेखी खुलासा मागवला, "आपल्या सदनिकेत मद्यनिर्मिती होत असल्याची तक्रार आहे". आता यांनी दोन पत्रं लिहून ठेवलीत, एक सेक्रेटरींना आणि एक थेट राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अधीक्षकांना, परमिट द्या म्हणून. दोन्ही मला तपासायला पाठवलीत आणि खाली विचारलंय, "भावाला तिकडे परमिटच लागत नाही, आपल्याकडे निदान फी भरून तरी मिळत असेल ना?"

नाही मिळत. आणि ती दोन्ही पत्रं पाठवू नका.

आधी परमिटचं बघू. आपल्याकडचा कायदा 1949 चा, आधी मुंबई दारूबंदी कायदा म्हणायचे, आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा. राज्यात एवढे बार आणि वाईन शॉप दिसतात म्हणून लोकांना वाटतं दारूला परवानगी आहे आणि वर काही नियम आहेत. प्रत्यक्षात उलटं आहे. कलम 12 म्हणतं दारू बनवायची नाही, बाळगायची नाही, न्यायची-आणायची नाही, विकायची नाही, विकत घ्यायची नाही. कलम 13 म्हणतं प्यायची नाही आणि बनवायचं सामानही ठेवायचं नाही. एवढी सरसकट बंदी घालून मग लायसन्स, परमिट, पास यातून एकेक फट ठेवलीय. ज्याला फट ठेवलेली नाही ते बंद. हौसेखातर घरी बिअर बनवणाऱ्याला फट नाहीये, त्यासाठी फॉर्म नाही, फी नाही, खिडकी नाही, त्यामुळे अधीक्षकसाहेबांना उद्या तुमच्यावर दया आली तरी ते बिचारे सही कुठल्या कागदावर करणार? आणि 'दारू'च्या व्याख्येत बिअर आहेच, अल्कोहोल असलेला कुठलाही द्रव आहे, किती लिटर, किती टक्के, घरच्यासाठी की विकायला, याने बनवण्याच्या गुन्ह्यात काही फरक पडत नाही.

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे हजार रुपये भरून काढलेलं लाइफटाइम परमिट आहे. चांगली गोष्ट आहे, बहुतेकांकडे नसतं, दुकानदाराच्या पाच रुपयांच्या एक दिवसाच्या परमिटवर राज्य चाललंय. पण ते परमिट विकत घ्यायचं, बाळगायचं आणि प्यायचं, बनवण्याशी त्याचा संबंध नाही. मायक्रोब्रुअरीचं, म्हणजे जागेवरच बिअर बनवून विकणाऱ्यांचं, लायसन्स वेगळं. पुण्यात डूलाली 2009 ला सुरू झाली ती तसल्या लायसन्सवर, पण तो धंदा आहे, त्याला जागा, ड्युटी, रजिस्टर, तपासणी, महापालिकेच्या परवानग्या सगळं आलं, टू बीएचकेच्या ड्राय बाल्कनीला ते मिळायचं नाही.

आता शिक्षेचं. कलम 65. बनवणं हा एक गुन्हा, आणि बनवायच्या उद्देशानं सामान, भांडी, साहित्य बाळगणं हा वेगळा, वर्तमानपत्रात 'कलम 65 (फ) प्रमाणे गुन्हा दाखल' असं जे वाचता ते हेच. कैद वर्षांत मोजायची, महिन्यांत नाही, दंड निराळा. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना कोर्टाच्या परवानगीची वाट बघावी लागत नाही. त्यात कलम 103 आहे, ते सामान तुमच्याकडे कसं आणि का, याचा समाधानकारक खुलासा तुम्हाला देता आला नाही तर गुन्हा तुम्हीच केला असं कोर्ट धरून चालतं, उलटं सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. नुसती बादली घरात असणं गुन्हा नाही, उद्या त्यात तांदूळ ठेवलात तर कोण काय म्हणणार, हायड्रोमीटरही कॉलेजच्या लॅबमध्ये असतो. पण बादली, एअरलॉक, माल्ट, हॉप्स आणि वर फोनमधले 'बॅच नंबर अमुक' असे फोटो, हे सगळं एका ठिकाणी आलं की उद्देश वेगळा सिद्ध करायची गरज उरत नाही.

आणि एक लक्षात घ्या, पंचनाम्यात कोणी पेल एल वगैरे बिअरचा प्रकार लिहीत नाही. तिथे येईल "एका पांढऱ्या प्लास्टिकच्या बादलीत अंदाजे 18 लिटर उग्र वासाचे आंबट रसायन". कारण हवालदार आयुष्यभर नदीकाठच्या हातभट्ट्यांचे पंचनामे लिहीत आलाय आणि त्याच्याकडे तोच मसुदा आहे. दुसऱ्या दिवशी बातमीत तुमची हातभट्टी होणार, कंपनीच्या एचआरला तीच दिसणार.

म्हणून म्हणतोय तो अर्ज बाजूला ठेवा. तुम्ही त्यात लिहिलंय, "मी गेल्या वर्षभरापासून केवळ स्वतःच्या व निवडक मित्रांच्या सेवनासाठी घरी बिअर तयार करत असून ही बाब नियमित करून मिळावी". प्रामाणिक माणूस आहात हे कळलं, पण या एका वाक्यात बनवणं आलं, ते एकदाच नाही तर वर्षभर आलं, इतरांना देणं आलं, खाली तुमची सही, मोबाइल नंबर आणि पत्ता. तपास अधिकाऱ्याला वेगळं काही शोधायचं राहिलंच नाही. अनधिकृत बांधकाम गुंठेवारीत दंड भरून नियमित होतं तसं हे नियमित होत नाही. राज्यघटनेच्या कलम 20(3) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, पण तुम्ही आपणहून जाऊन आवक-जावकला शिक्का मारून घेतलात तर ते कलम काय करणार.

दुसरी गोष्ट तुम्ही मेलच्या शेवटी अगदी सहज टाकलीय की मित्र प्रत्येक वेळी दोनशे रुपये जीपे करतात, "मटेरियलचे". ही मला सगळ्यात जास्त टोचली. तुमच्या मनात ते कॉन्ट्रिब्युशन असेल, बाटली तिकडे आणि पैसे इकडे असं स्टेटमेंटमध्ये दिसलं की सरकारी वकील त्याला विक्री म्हणणार, आणि मग 'हौस म्हणून करत होतो' हा जो तुमचा एकमेव सहानुभूतीचा मुद्दा आहे तोच जातो.

मग आता करायचं काय. बनवणं आजपासून बंद, नवीन बॅच नाही, बाटल्या भरणं नाही, कोणाला देणं नाही. आज तुमच्यावर ना गुन्हा आहे ना तपास, सोसायटीचं पत्र म्हणजे तपास नव्हे, त्यामुळे जे ठेवायला कायद्यानं बंदी आहे ते न ठेवणं यात काही गैर नाही. पण एकदा का पोलीस किंवा एक्साइजवाले दारात आले, किंवा नुसता फोन जरी आला, तर मग कशालाही हात लावायचा नाही, कारण तेव्हा बेसिनमध्ये ओतलीत किंवा चॅट डिलीट केलेत की भारतीय न्याय संहितेचं कलम 238, पुरावा नष्ट करणं, हे जास्तीचं गळ्यात पडतं. हा फरक नीट समजून घ्या, आणि शंका असेल तर काहीही करायच्या आधी जवळच्या वकिलाला प्रत्यक्ष भेटा, मेलवर एवढंच सांगता येतं.

आलेच कोणी तर अडवू नका, वाद घालू नका. 1 जुलै 2024 पासून झडतीचं आणि जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करणं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे बंधनकारक आहे, ते होतंय का बघा. पंच कोण आहेत, नमुना तुमच्यासमोर सील झाला का, किती लिटर लिहिलं (वीस लिटरच्या बादलीत पन्नास लिटर रसायन मावलेलं मी कागदोपत्री पाहिलंय), हे वाचून मगच सही करा. शिक्षा सात वर्षांच्या आतली असल्यानं लगेच अटक केलीच पाहिजे असं नाही, त्याच संहितेच्या कलम 35(3) ची नोटीस देऊन बोलावता येतं, ती आली तर दिलेल्या तारखेला न चुकता जा, नोटिशीला दांडी मारली की अटकेचं कारण तुम्हीच देता. अटकेची खरीच धास्ती वाटत असेल तर कलम 482 खाली अटकपूर्व जामीन आहे.

सेक्रेटरींचं सोपं आहे. सोसायटीला तुमच्या घराची झडती घ्यायचा अधिकार नाही, उपद्रव होत असेल तर तो थांबवा म्हणायचा जरूर आहे. त्यांना दोन ओळी पुरेत, "आपले पत्र मिळाले. माझ्या सदनिकेतून कोणालाही वासाचा त्रास होणार नाही याची काळजी घेतली आहे." बस. "मी असं काही करतच नाही" हे लिहू नका, खोटं आहे ते, आणि खोटं लेखी देऊ नये. "फक्त घरच्यासाठी करतो" हेही नको, ते खरं आहे आणि म्हणूनच नको. खालच्या मजल्यावरच्या काकूंना मात्र जाऊन भेटा, वासाबद्दल सॉरी म्हणा, अशा केसेस निम्म्या तिथेच मिटतात.

आता तुमच्या भावाच्या मुद्द्याकडे येतो, कारण तो चूक नाहीये. अमेरिकेत 1978 ला जिमी कार्टरनी सही केलेल्या कायद्यानं घरगुती बिअरवरचा कर काढला, एका प्रौढ माणसाला वर्षाला 100 गॅलन म्हणजे साधारण 378 लिटर, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर दुप्पट, विकायची नाही एवढीच अट. तरी राज्यांचे कायदे वेगळे होतेच, अलाबामा आणि मिसिसिपीनं 2013 ला परवानगी दिली. ब्रिटनमध्ये तर 1880 पासून घरच्या बिअरला लायसन्स लागायचं, ते 1963 च्या बजेटमध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी काढून टाकलं. म्हणजे ज्यांच्याकडून आपण अबकारी खातं घेतलं त्यांनी परमिटचा प्रयोग करून सोडून दिला. आणि ही काही फक्त गोऱ्यांची कल्पना नाही, शेजारच्या छत्तीसगडमध्ये आदिवासी कुटुंबाला घरच्या वापरासाठी पाच लिटरपर्यंत मोहाची दारू ठेवता येते.

माझं मत विचाराल तर हौशी माणसाला परमिट नकोच, सूट हवी. परमिट म्हटलं की रजिस्टर आलं, नूतनीकरण आलं आणि तुमच्या ओट्याशी उभा राहून हायड्रोमीटर बघणारा इन्स्पेक्टर आला, त्यात सरकारला महसूल चहापाण्याइतकाही नाही. चहापाणी मात्र होईल. 2015 ला मुंबईतल्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूनं, माल्ट आंबवून कोणाच्या बाल्कनीत ते घडत नाही, त्या खात्याची माणसं तिकडे हवीत. गाळप मात्र सुटीच्या बाहेरच राहिलं पाहिजे, अमेरिकेची 1978 ची सूटही गाळलेल्या दारूला नव्हती. मर्यादा कमीच हवी, नाहीतर दोनशे लिटरच्या पिंपासकट पकडलेला प्रत्येक जण म्हणेल घरच्यासाठी होती साहेब. आणि वर्धा, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, किंवा जिथे बायांनी मतदान करून बाटली आडवी केलीय तिथे, ही सूट लागू नको, त्या बायांनी ते दुकान बंद करायला काय काय सोसलंय ते कोथरूडात बसून कळत नाही. एक अजून, उद्या आयटीवाल्याच्या पेल एलला सूट मिळाली आणि पाड्यावरच्या म्हातारीच्या मोहाच्या घागरीवर धाड चालूच राहिली तर असल्या सुधारणेला मी तरी पाठिंबा देणार नाही.

मागणी करायची तर मुंबईत करा, दिल्लीत नाही, मादक पेयं हा राज्यसूचीतला विषय आहे, आठवी नोंद. दारूबंदी कायद्याच्या कलम 139 खाली सूट द्यायचे अधिकार राज्य सरकारकडे आहेत, त्यामुळे आमदारांना निवेदन देणं हा रस्ता अगदी बरोबर आहे, फक्त त्यात 'आम्ही बनवतो' असं नको, 'बनवायची मुभा असावी' असं लिहा.

कोर्टात जाऊ का, प्रायव्हसीचा मुद्दा घेऊन, असंही विचारलंय. गुजरातचा दारूबंदी कायदा आणि आपला एकाच मुळाचे, तिथे चार भिंतींच्या आत पिण्याबद्दलच्या याचिका ऐकण्याजोग्या आहेत असं गुजरात हायकोर्टानं 2021 ला म्हटलंय, पण तो प्रश्न पिण्याचा, बनवण्याचा नाही, आणि 1951 च्या बलसारा खटल्यापासून सुप्रीम कोर्टानं हा कायदा मोठ्या प्रमाणात उचलून धरलाय. कोणी याचिका करणार असेल तर वाचायला आवडेल. तुम्ही करू नका. याचिकेला प्रतिज्ञापत्र लागतं आणि त्यात तुम्हाला पुन्हा तेच वाक्य लिहावं लागेल जे मी वर खोडायला सांगितलं.