पऱ्हाटीपासून, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरणाऱ्या कपाशीच्या काड्यांपासून, सिमेंट कारखान्याला चालेल असं इंधन खरंच बनतं का? गावात युनिट टाकावं का?

बनतं, आणि चांगलं बनतं. वणीकडे गेली पाच वर्षं माझं ब्रिकेटचं, म्हणजे काडीकचरा दाबून जळणाच्या कांड्या बनवायचं, युनिट आहे. आमच्याकडे याला पांढरा कोळसा म्हणतात. तुम्ही मशीनची चौकशी सुरू केलीच असेल, पण त्याआधी वाळवायला आणि साठवायला जागा किती आहे ते बघा.

पऱ्हाटी म्हणजे जवळजवळ लाकूडच. तिची कुटी करायची, ओल 10 टक्क्यांच्या आसपास आणायची आणि प्रेसमध्ये दाबायची. डिंक-बिंक काही लागत नाही. दाबाने ती इतकी तापते की लाकडातलंच लिग्निन (धागे एकत्र धरून ठेवणारा घटक) मऊ होऊन चिकटतं. नुकतीच निघालेली कांडी हाताला चटका देते, वरून तपकिरी, चकचकीत दिसते आणि गार झाल्यावर मोडली की टक्क वाजते. कुटी ओली असेल तर आत वाफ कोंडते आणि कांडी तोंडाशीच फुटते. पहिल्या वर्षी अवकाळीत माझा ढीग उघडा राहिला. तरी मी तोच माल रेटला आणि कारखान्याच्या फाटकावरून भरलेला ट्रक परत आला. भाडं दोन्हीकडचं माझ्याच अंगावर.

किलोला 3500 ते 4000 किलोकॅलरी उष्णता मिळते, म्हणजे आपल्याकडच्या साध्या कोळशाच्या जवळपास. सिमेंटच्या भट्टीत आतला माल 1450 अंशांपर्यंत तापतो आणि इंधनाची राख क्लिंकरमध्येच (दळून सिमेंट होतं त्या भाजलेल्या खड्यांमध्ये) मिसळून जाते, त्यामुळे राख टाकायचा प्रश्न उरत नाही. धानाच्या तणसाचं तसं नाही. त्यात पोटॅश आणि क्लोरीन जास्त, ते भट्टीच्या वरच्या भागात थर धरतं. मात्र सिमेंट बनवताना सुटणारा निम्म्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड चुनखडीतूनच येतो, तो इंधन बदलून कमी होत नाही.

माझ्या मते या धंद्याचा मोठा फायदा शेतात आहे. उलंगवाडीनंतर, म्हणजे शेवटची वेचणी संपल्यावर, पऱ्हाटी उभी राहिली की उरल्यासुरल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी मुक्काम करते. 2017 साली तिने आपल्या भागात कपाशीचं काय केलं ते तुम्ही पाहिलंच असेल. जानेवारीपर्यंत शेत मोकळं झालं तर अळीची साखळी तुटते, आणि धुऱ्यावर जाळायच्या काडीचे चार पैसेही होतात.

खरी अडचण वाहतुकीची. ट्रॉली डोंगराएवढी दिसते आणि काट्यावर वजन काहीच भरत नाही. म्हणून कुटी शेतातच करा. कोरडवाहू कपाशीला एकरी टनभर काडी धरा, आणि दहा-पंधरा किलोमीटरच्या आत वर्षभर पुरेल एवढी कपाशी आहे का ते मोजा. माल गोळा होतो दोन-तीन महिन्यांत, गिऱ्हाईक मागतं बाराही महिने. शेतकऱ्याला पैसे काट्यावरच द्या, उधारी ठेवली तर पुढच्या हंगामात तो काडी पेटवून मोकळा होईल.

2021 मध्ये केंद्राने औष्णिक वीजकेंद्रांना कोळशात बायोमास पेलेट (काडीकचऱ्याच्या दाबलेल्या बारीक गोळ्या) मिसळणं बंधनकारक केलं, त्यामुळे तिकडेही मागणी आहे. पण पेलेटचं मशीन वेगळं असतं. ते ठरवण्याआधी ज्याला माल विकणार त्याच्याकडून ओल आणि राख किती चालेल ते लेखी घ्या.