वजन ६४ किलो, तरी मेटाबॉलिक सिंड्रोम कसा?

तुम्ही लिहिलंय: वय ४१, उंची साडेपाच फूट, वजन ६४. उपाशीपोटीची साखर १०८, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) १९०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६. जाड नाही, डायबेटिस नाही, मग डॉक्टर मेटाबॉलिक सिंड्रोमचं नाव का घेतात?

मी डॉक्टर नाही, पण सहा वर्षांपूर्वी हेच माझ्या बाबतीत घडलं. दरवर्षी रिपोर्ट यायचा, 'थोडंसं जास्त आहे' एवढं ऐकायचं आणि फाइल कपाटात. शेवटी एका डॉक्टरांनी तीन वर्षांचे रिपोर्ट शेजारी शेजारी मांडले आणि माझ्या पोटाला टेप लावली. वजन ६६ आणि कंबर ९४ सेंटीमीटर!

पाच गोष्टी बघतात. कंबर (आपल्याकडे पुरुषांची ९०, बायकांची ८० सेंटीमीटर किंवा जास्त), ट्रायग्लिसराइड्स १५० किंवा वर, एचडीएल पुरुषांत ४० च्या आणि बायकांत ५० च्या खाली, बीपी १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटीची साखर १०० किंवा वर. यातल्या कुठल्याही तीन जमल्या की मेटाबॉलिक सिंड्रोम. तुमच्या तीन टेप लावण्याआधीच भरल्या.

एकेक आकडा पाहिला तर किरकोळच वाटतो. पण बहुतेक वेळा या सगळ्यांचं मूळ एकच असतं. पोटाच्या आत, यकृताभोवती चरबी साठली की शरीर इन्शुलिनला (रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या संप्रेरकाला) नीट दाद देत नाही. स्वादुपिंड मग जास्त इन्शुलिन सोडत राहतं. यकृत रक्तात ट्रायग्लिसराइड्स ओततं, एचडीएल घटतं, मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात आणि बीपी चढतं. पुढे टाइप २ डायबेटिसचा धोका साधारण पाचपट आणि हृदयविकाराचा दुप्पट होतो. फॅटी लिव्हर (यकृतात साठलेली चरबी) तर बऱ्याचदा सोबत असतंच, म्हणून सोनोग्राफीबद्दलही विचारा.

आता 'जाड नाही'बद्दल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) सारखाच, २२ च्या आसपास. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९ टक्के आणि याज्ञिकांची २१! पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांवर याज्ञिकांच्या गटाने केलेल्या कामातही हेच दिसलं: जन्मतः वजन कमी, स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने जास्त. हा फोटो पाहिला तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण तोवर वाटायचं की रिपोर्टच चुकलाय.

म्हणून वजनकाट्यावर विसंबू नका. मला नुसत्या चालण्यापेक्षा स्नायूंच्या व्यायामाने जास्त फरक पडला. जेवणानंतरची साखर स्नायूच तर ओढून घेतात. आठवड्यातून तीनदा उठाबशा आणि वजनं, रोज अर्धा तास भरभर चालणं. चहाबरोबरची बिस्किटं बंद, भात अर्धा, उसळ दुप्पट, जेवण साडेसातला. आठ महिन्यांत कंबर ८७ वर आली आणि ट्रायग्लिसराइड्स १४० वर. साखर मात्र हट्टी निघाली, ती अजून १०० च्या आसपासच घुटमळते. गोळ्यांचं डॉक्टरांनाच ठरवू द्या. घरात कुणाला लवकर हार्ट अटॅक आला असेल तर ते त्यांना आवर्जून सांगा.

आज रात्री एक करा. पँटचा नंबर धरू नका, पट्टा आपण पोटाखाली बांधतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरा, श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका. जो आकडा येईल तो रिपोर्टवरच लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवा.